हेराचा शाप सेलूत का चालत नाही?

प्राचीन ग्रीक लोकांच्या देवादिकांच्या गोष्टी तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. देवांचा राजा झ्यूस, त्याची राणी हेरा, महाबली हेराक्लीस, सोनेरी लोकर आणायला नौकेतून गेलेला जेसन अशी कितीतरी पात्रे त्यांत आहेत. ग्रीकांनी यांपैकी पुष्कळ पात्रे आकाशात नेऊन बसवली. आज आपण त्यांतील एक गोष्ट घेऊ आणि ती सेलूच्या आकाशात तपासून पाहू. गोष्ट कधी तपासता येते का, असे तुम्ही विचाराल. ही येते!

अस्वलाची गोष्ट

ग्रीस देशातील अर्केडिया या डोंगराळ भागात कॅलिस्टो नावाची एक तरुणी राहत होती. ती शिकारीच्या देवतेची, आर्टेमिसची सखी होती. झ्यूसचे मन तिच्यावर जडले आणि तिला आर्कस नावाचा मुलगा झाला. हे कळताच हेरा संतापली. तिने कॅलिस्टोचे अस्वल करून टाकले.

वर्षे लोटली. आर्कस मोठा होऊन शिकारी झाला. एके दिवशी रानात त्याच्यासमोर एक अस्वल आले. आईने मुलाला ओळखले, पण मुलाने आईला कसे ओळखावे? त्याने भाला उगारला. तेवढ्यात झ्यूसने दोघांनाही उचलले आणि आकाशात ठेवले.

तरीही हेराचा राग शमला नाही. ती सागराच्या देवतांकडे गेली आणि म्हणाली, "या अस्वलाला तुमच्या पाण्यात कधीही स्नान करू देऊ नका." तेव्हापासून ते बिचारे अस्वल ध्रुवाभोवती अखंड फिरत राहिले. क्षितिजाखाली बुडी मारून घटकाभर विसावा घेणे त्याच्या नशिबी नाही.

या अस्वलाच्या पाठीचा भाग आणि शेपूट म्हणजेच आपले सप्तर्षी. आर्कस म्हणजे भूतप तारकासमूह. त्यातील तेजस्वी स्वाती ताऱ्याचे ग्रीक नाव 'आर्क्टुरस', म्हणजे अस्वलाचा राखणदार. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाला आपण आर्क्टिक म्हणतो, तेही याच अस्वलावरून. गंमत अशी की, संस्कृतातील 'ऋक्ष' या शब्दाचेही अस्वल आणि तारा असे दोन्ही अर्थ आहेत.

सेलूतून पाहा

परभणीहून जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेलू हे गाव आहे. आजूबाजूचा मुलूख काळ्या जमिनीचा, बराचसा सपाट. त्यामुळे गावाबाहेर गेले की क्षितिज मोकळे दिसते. मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री ९ वाजता येथे उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षी चांगले उंच दिसतील.

आता नोव्हेंबरच्या मध्यास, त्याच वेळी, त्याच जागी उभे राहा. सप्तर्षी कोठेच नाहीत! सातही तारे क्षितिजाखाली गेलेले असतात. म्हणजे अस्वलाने खुशाल बुडी मारली. हेराचा शाप सेलूत मुळीच चालत नाही!

मग ग्रीक लोक खोटे बोलले काय? तसे ठरवण्याआधी थोडे मोजमाप करू.

ध्रुवाची उंची

पृथ्वीच्या उत्तर ध्रुवावर उभे राहिल्यास ध्रुवतारा बरोबर डोक्यावर, म्हणजे ९० अंश उंचीवर दिसेल. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला, म्हणजे ० अंशावर असेल. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे एक अंश सरकले की ध्रुव एक अंशाने वर चढतो. थोडक्यात, ध्रुवाची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश.

सेलूचा अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर आहे. म्हणून ध्रुव येथे क्षितिजापासून साडेएकोणीस अंश उंच दिसतो. जो तारा ध्रुवापासून साडेएकोणीस अंशांच्या आत आहे, तो ध्रुवाभोवती फिरताना क्षितिजाला लागत नाही. त्याहून दूर असलेला तारा मात्र फेरीच्या खालच्या भागात क्षितिजाखाली जातो. सप्तर्षींपैकी ध्रुवाला सर्वांत जवळचा क्रतू सुमारे २८ अंशांवर आहे, तर सर्वांत दूरचा मरीचि सुमारे ४१ अंशांवर. म्हणून सेलूत सातही जण मावळतात.

अथेन्सचा अक्षांश ३८ अंश आहे. तेथे ध्रुव आपल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उंच दिसतो. त्यामुळे ध्रुवाजवळच्या ताऱ्यांना फिरायला तेथे जागाही मोठी मिळते. क्रतूपासून वसिष्ठापर्यंतचे सहा तारे तेथे कधीच मावळत नाहीत.

पण मरीचि? तो तर ४१ अंशांवर आहे. म्हणजे आज अथेन्समध्येही अस्वलाच्या शेपटीचे टोक पाण्यात भिजते!

शाप कसा सैल झाला?

याचे कारण पृथ्वीच्या डुलण्यात आहे. भोवरा फिरता फिरता डुलतो, तसा पृथ्वीचा अक्षही डुलतो. त्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. या गतीला परांचन म्हणतात. हिच्यामुळे आकाशातील ध्रुवबिंदू हळूहळू सरकतो. होमरच्या महाकाव्यांचा काळ सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा. अस्वल सागरात स्नान करीत नाही, हे त्यांत आलेले आहे. त्या काळी ध्रुवबिंदू सप्तर्षींना आजच्यापेक्षा जवळ होता आणि ग्रीसमधून सातही तारे रात्रभर क्षितिजावर राहत.

तेव्हा ग्रीक लोक खोटे बोलले नाहीत. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्यांनी शापाची गोष्ट रचली. कारण काल्पनिक होते, निरीक्षण मात्र चोख होते. आज ज्याला आपण ध्रुवतारा म्हणतो, तो त्या वेळी ध्रुवबिंदूपासून बराच दूर होता. म्हणजे बाळ ध्रुवाला मिळालेले अढळपदही आकाशात तितकेसे अढळ नाही.

जेसनचे सुकाणू

सेलूत एक गोष्ट बुडते, तर दुसरी वर येते. जेसनच्या 'आर्गो' नौकेलाही ग्रीकांनी आकाशात स्थान दिले होते. हा तारकासमूह फारच मोठा असल्याने पुढे त्याचे भाग पाडण्यात आले. या नौकेच्या सुकाणूजवळचा तेजस्वी तारा अथेन्सच्या क्षितिजावर येतच नाही. सेलूतून मात्र तो दक्षिणेकडे सुमारे १८ अंश उंचीपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री ९ वाजता व्याधाचा तारा शोधा आणि तेथून सरळ खाली दक्षिण क्षितिजाकडे नजर न्या. हा तारा तुमच्या ओळखीचाच आहे. तो आपला अगस्त्य! विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या ऋषीचे नाव दक्षिणेच्या ताऱ्याला मिळाले, हे किती योग्य झाले!

म्हणून लक्षात ठेवा. सप्तर्षी कधी मावळत नाहीत, असे एखाद्या पुस्तकात वाचाल, तर ते पुस्तक कोणत्या अक्षांशावर बसून लिहिले आहे ते आधी विचारा. गोष्ट असो वा पाठ्यपुस्तक, शेवटचा निकाल आकाशच देते.

करून पाहा

कोनमापकाच्या सरळ कडेला कागदाची अरुंद नळी चिकटवा. मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला लहानसा दगड बांधा. पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा क्रतूच्या पुढे सुमारे पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो. नळीतून तो पाहा आणि दोरा कोणत्या अंशावर लोंबतो ते मित्राला वाचायला सांगा. ९० आणि तो अंश यांतील फरक म्हणजे ध्रुवाची उंची. सेलूत दोरा ७० ते ७१ अंशांच्या दरम्यान यायला हवा. तुमच्या गावी किती येतो?

विचार करा

१. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. मग अथेन्स सेलूच्या किती किलोमीटर उत्तरेला आहे?

२. विषुववृत्तावरून पाहिल्यास कधीही न मावळणारे तारे किती असतील?