वेताची लागवड : घाई नसणाऱ्याचे पीक

वेत म्हटला की आधी गुरुजींची छडी आठवते आणि मग खुर्ची, पाळणा, टोपलीची कड. हा वेत बांबूचा भाऊबंद आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. बांबू हे गवत आहे, तर वेत हा नारळ-सुपारीच्या कुळातील काटेरी वेल आहे. बांबू पोकळ असतो, वेत भरीव असतो. म्हणूनच तो हवा तसा वाकवता येतो.

जात : आपल्या सह्याद्रीतील 'कॅलॅमस थ्वेटेसी' हा जाड वेत बेटाने वाढतो. पक्की कांडी तोडली तरी बुंध्यातून नवे कोंभ येत राहतात. मलेशिया-इंडोनेशियाकडील 'कॅलॅमस मनन' फर्निचरला उत्तम खरा, पण तो एकखोडी आहे. एकदा तोडला की संपला. शेतकऱ्याने बेटाचीच जात धरावी.

जमीन व हवामान : भरपूर पाऊस, दमट हवा, पालापाचोळ्याची, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी जमीन या पिकास मानवते. कोकणात व गोव्यात वहाळाकाठची, झाडोऱ्याची जागा योग्य. उघड्या कातळावर किंवा देशावरच्या कोरड्या मुरमाड रानात याच्या नादी लागू नये.

रोपे : सर्वात जास्त चुका येथेच होतात. वेतात नर व मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे प्रत्येक बेटावर फळ शोधू नये. फळावर खवल्यांचे कवच व आत आंबूस गर असतो. पिकलेली फळे आणून कवच काढावे, वाळूत चोळून गर धुवावा आणि बी ओले असतानाच पेरावे. मी पहिल्या खेपेला भाताच्या बियाण्याप्रमाणे वेताचे बी चांगले उन्हात वाळवून डब्यात ठेवले. एकही उगवले नाही! वाळले की हे बी मरते. ओल्या बियासही उगवायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, म्हणून वाफा लवकर मोडू नये. रोपे पिशवीत, निम्म्या सावलीत वर्ष-दीड वर्ष वाढवावीत.

लागवड : पावसाने जोर धरल्यावर, आधाराच्या झाडापासून दोन-तीन हातांवर, सुमारे एक हात खोल खड्ड्यात शेणखत मिसळून रोप लावावे. गळा मातीत गाडू नये, कोंभ कुजतो. आधाराला ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे चालतात. ज्या झाडावर आपणास चढावे लागते, त्या नारळ, सुपारी, आंब्याखाली वेत कधीही लावू नये. एकदा त्याची काटेरी चाबकासारखी शेपटे शेंड्यात गुंतली, की पाडेली वर जायला नकार देतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

पहिली दोन-तीन वर्षे रोप जमिनीलगत पानांचा झुबका धरून बसते. वेल चढत नाही म्हणून काहीजण ते उपटून टाकतात. तसे करू नका. तण काढा, गुरे आवरा आणि वरची सावली फार दाट असेल तर थोड्या फांद्या छाटून उजेड द्या. उजेडाशिवाय वेत वर्षानुवर्षे तसाच बसून राहतो.

काढणी : जाड वेताला तोडणीस यायला दहा-बारा वर्षे किंवा अधिकही काळ लागतो. खालची पाने गळून, आवरण सुटून कांडी उघडी पडली, की ती पक्की समजावी. हातमोजे घालून बुंध्याशी तोडावी, खाली ओढावी, काटेरी आवरण सोलावे आणि शेंड्याकडील कोवळा भाग टाकून द्यावा. कोवळे कोंभ राखावेत. तोडलेला ओला वेत ढिगात पडून राहिला, तर थोड्याच दिवसांत बुरशीने निळसर काळा पडतो व त्याचा भाव जातो. म्हणून तोडणी कोरड्या दिवसांत करून वेत लगेच उभा करून वाळवावा. बाहेर देशी जाड वेत तेलात उकळतात, तोही याच कारणासाठी.

परवाना : वेत वनोपजात मोडतो. तुमच्या मालकीच्या जमिनीतला असला तरी वाहतुकीच्या वेळी नाक्यावर विचारणा होऊ शकते. तेव्हा रोपे आणण्यापूर्वीच वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात नियम विचारून घ्यावेत आणि लागवड झाल्यावर सातबाऱ्यावर तिची नोंद करून घ्यावी. बारा वर्षांनी ट्रक भरून उभा असताना हे कागद शोधण्यात अर्थ नाही.