हिरवळीला पाणी कसे द्यावे?

मित्रांनो, आपला शिरूर तालुका आणि शेजारचा दौंड तालुका पर्जन्यछायेत येतात. पाऊस कमी. तरी रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत आणि मंगल कार्यालयांपुढे हिरवळ असते. माझे वडील एका कारखान्यात माळीकाम करतात. त्यांनी मला ही माहिती दिली.

चैत्रात ऊन वाढते. दुपारी पाणी मारलं तर वाफ होऊन उडून जातं. रात्री मारलं तर पाती ओली राहून बुरशी धरते. म्हणून पहाटे पाणी द्यावे. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळे वरच राहतात. तीन-चार दिवसांनी भरपूर दिलं की मुळे खोल जातात. खुरप्याने उकरून पाहावे. चार इंच ओल दिसली की पाणी बंद!

आता गणित पाहा. १ चौरस मीटरवर १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाणी. १ गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. २५ मिलिमीटर द्यायला २,५०० लिटर लागतात. आमच्या घरी रोज १० हंडे, म्हणजे १५० लिटर लागतात. आई ते डोक्यावरून आणते. एका गुंठ्याचे एका वेळचे पाणी आम्हाला १६ दिवस पुरेल!

पालकांनो, लग्नाला गेल्यावर भर दुपारी फवारा चालू दिसला, तर माळीदादांना जरूर सांगा.

— इयत्ता ४ थी