काजळी जळते, राख उरते

दापोडीला मामाच्या डिझेल गाडीत फिल्टरचा दिवा लागला. मामा म्हणाला, "इंजिनिअर होणार ना तू? मग धू घरीच!" मीपण पाइप घेऊन तयार! नशीब, आधी गाडीचं मॅन्युअल उघडलं.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाड्यांत हा फिल्टर सर्रास असतो. आत सिरॅमिकच्या बारीक नळ्या, एकाआड एक टोकाला बंद केलेल्या. धूर भिंतीतून झिरपतो, काजळी अडकते. साधारण ६०० अंश सेल्सिअसला ती जळून जाते. पण हॅरिस पुलाच्या ट्रॅफिकमध्ये फिल्टर एवढा तापणार कसा?

म्हणून घरचा उपाय एकच. दिवा नुकताच लागला असेल, तर मॅन्युअलप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालवायची. इंजिन ऑइलची राख मात्र जळत नाही. ती वर्कशॉपमध्येच काढावी लागते. प्रेशरने पाणी मारलं तर सिरॅमिक तडकू शकतं, आणि काळं पाणी गटारातून मुळेत जातं. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. म्हणजे ती काजळी हाताळणंही नको.

आम्ही किवळ्याहून एक्सप्रेसवेने लोणावळ्याला गेलो. दिवा विझला. पाइप आता फक्त मामीच्या झाडांसाठी!