स्कोअरबुक मागून बघा

आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या क्रिकेट संघाचं स्कोअरबुक मी अर्धा मोसम लिहिलं. माझं अक्षर बरं आहे आणि भाच्याला मैदानावर सोडायला मीच जायचो, एवढ्या पात्रतेवर हे काम गळ्यात पडलं. शिबिर कुणाचं, मैदान कुठलं, हे सांगत नाही. मार्च सरला की आमच्या सोलापुरातल्या शुक्रवार पेठेच्या आसपास अशा शिबिरांचे इतके फलक लागतात, की एकाचं नाव घेऊन दुसऱ्याला सोडणं बरं नव्हे.

सामना कसा झाला हे आई-बापांना सीमारेषेबाहेरून दिसतं. संघ कसा चालवला जातो हे वहीत दिसतं. पहिल्या तीन-चार नावांपुढे टिंबं, एक्के, चौके यांची दाटी. मधल्या दोघा-तिघांपुढे जेमतेम काही. त्याखाली सगळं कोरं. फलंदाजी नाही आणि गोलंदाजीच्या रकान्यातही नाव नाही. पुढच्या सामन्याचं पान उलटावं, तर वरची नावं तीच आणि खालची कोरी जागाही तीच. भाचा नवव्या क्रमांकावर. पॅड बांधून बसायचा आणि पॅड सोडून घरी यायचा. "मामा, आज पण नंबर नाही आला," हे तो तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगायचा.

सलामीला संघाच्या प्रशिक्षक सरांचा स्वतःचा मुलगा. पोरगा चांगला खेळायचा, त्यात वाद नाही. एकदा चेंडू त्याच्या पॅडला लागून मागे गेला, अंपायरने लेगबायची खूण केली, मी तसं लिहिलं. षटक संपल्यावर सर माझ्या टेबलाशी आले. "मामा, बॅटची कड होती ती. त्याच्या खात्यात टाका." आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्यातली एक धाव! मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि म्हटलं, तुमच्या हाताने खोडा. खोडली नाही त्यांनी. पण त्यानंतर चहा माझ्या टेबलापर्यंत यायचा बंद झाला.

दुसरा प्रसंग एका झेलाचा. चेंडू उंच गेला. खाली उभा असलेला पोरगा संघात सगळ्यात बारका. त्याने दोन्ही हात वर केले, चेंडू तळव्यावर आपटून खाली पडला. "कशाला आलास बे इथं?" सर सीमारेषेवरून ओरडले आणि डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटली. पोराने हात काखेत दाबून धरला होता. षटक संपेपर्यंत तो तसाच उभा होता. मग बाजूच्या एका मुलाने त्याचा हात ओढून बघितला आणि त्यावर फुंकर घातली. मोठ्यांपैकी कुणी आत गेलं नाही. सामना चालू होता ना.

तो चेंडू मोठ्या माणसांचा होता, हेही सांगायला हवं. क्रिकेटच्या नियमांत पुरुषांचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. आठ वर्षांच्या मुलाला त्याहून हलका, मऊ चेंडू द्यायला काय हरकत आहे? मी विचारलं. "सवय लागायला पाहिजे," उत्तर आलं. खेळपट्टीही पूर्ण बावीस यार्डांची. चेंडू दोन टप्पे खात पोचायचा आणि गोलंदाज शिव्या खायचा. झेल सोडला की शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या, त्याही एप्रिलमध्ये दुपारी चारला. सोलापूरचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

शेवटी मी सरांना म्हटलं, खालच्या पोरांना दोन-दोन षटकं तरी द्या. ते म्हणाले, "मामा, स्पर्धा आहे, सहल नाही. सोलापूरनं पॉली उम्रीगर दिलाय. आता अर्शीन कुलकर्णी बघा." दोन्ही खरं. उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले आणि कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय ठरले. अर्शीन २०२४ चा एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला. पण आठव्या वर्षी नवव्या क्रमांकावर बसवून ठेवलेल्यांतून उद्याचा उम्रीगर कसा निघणार? त्या वयात कोण पुढे जाईल हे सांगणाऱ्याने ज्योतिषाचं दुकान काढावं. वर्षभर आधी जन्मलेला पोरगा चार बोटं उंच असतो, म्हणून तो चौके मारतो. एवढंच त्यातलं गुपित.

मोठ्यांनी डाव कधी आवरायचा, याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. १९८८ च्या फेब्रुवारीत, शालेय हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात, आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी केली. ती सगळ्यांना पाठ आहे. कांबळी ३४९ वर असताना प्रशिक्षक आचरेकर सरांनी डाव सोडायला लावला, एक धावही काढू दिली नाही, हे कमी जणांना आठवतं. दुसरं उदाहरण २०१६ च्या जानेवारीतलं, कल्याणचं. प्रणव धनावडेच्या नाबाद १००९ धावा. शाळेचा डाव ३ बाद १४६५ वर सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. त्या संघातली बरीच मुलं वयाने खूप लहान होती, असं तेव्हा छापून आलं होतं. प्रणवचा दोष काडीचा नाही, तो खेळत होता. पण दोन दिवस त्या लहानग्यांना उन्हात चेंडू आणायला पळवत ठेवणारे सगळे मोठे होते, आणि पुढे विक्रमाचा बोजा वाहिला तो त्या मुलाने.

आमच्या पेठेतल्या बोळात अजून टेनिस बॉलने क्रिकेट चालतं. तिथे कुणी सर नाही. पण कच्चा लिंबू आहे. चार वर्षांच्या धाकट्या भावालाही बॅट मिळते, तो बाद धरला जात नाही, त्याला चेंडू खालून टाकतात. हे पोरांनीच ठरवलेलं आहे. इंग्लंडमध्ये लहान मुलांचे सामने जोड्यांनी खेळवतात. प्रत्येक जोडीला ठरावीक षटकं, बाद झालं तर धावा वजा होतात, पण मैदान सोडावं लागत नाही. नॉर्वेत तर मूल अकराव्या वर्षात येईपर्यंत निकालाचे तक्ते आणि क्रमवारी लावायलाच मनाई आहे आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. त्याने देश मागे पडला म्हणावं, तर २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, १६ सुवर्णपदकं त्यांनीच नेली.

क्रिकेटची ही गाऱ्हाणी ऐकून खो-खोवाल्यांनी फार खूश होऊ नये. नऊ जण पाठलागाला असतात, पण तेज पळणाऱ्या दोघा-तिघांनाच फिरून फिरून खो द्यायला लावणारे सर मी इथेच पाहिलेत. बाकीची पोरं पाटीवर नुसती उकिडवी बसून राहतात.

आता आई-बापांविषयी. "सर, ह्याला जरा कडक घ्या," हे वाक्य मी सरांपेक्षा जास्त वेळा बापांच्या तोंडून ऐकलं. सरांचा आवाज चढतो तो या परवानगीवर. माझी बहीणसुद्धा म्हणायची, पैसे भरलेत, मोसम तरी पुरा होऊ दे. त्यात प्रमाणपत्राचा मोह. दुसरीतल्या मुलाच्या 'राज्यस्तरीय' प्रमाणपत्रावर दहावीला गुण मिळतील, अशी समजूत असेल तर ती काढून टाका. शासनाच्या शालेय क्रिकेट स्पर्धांत सगळ्यात लहान गट १४ वर्षांखालचा आहे. त्याआधीचे चषक कपाटात ठेवायला ठीक.

मैदानावर गेलात तर बाहेरून सूचना देऊ नका. मुलाला एक सर पुरेत. घरी येताना गाडीवर सामन्याची उलटतपासणी नको. भूक लागली का, एवढं विचारा. मूल शिबिराच्या दिवशीच पोट दुखतं म्हणायला लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग एक दिवस न सांगता मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा.

भाच्याला आम्ही मोसमाच्या मध्यातच काढलं. पैसे परत मिळाले नाहीत. तो आता बोळात खेळतो आणि रोज बॅटिंग मिळवतो.

यंदा कुठल्याही शिबिरात नाव घालण्याआधी सरांची पदकं, फोटो, बक्षीस समारंभाचे व्हिडिओ बघत बसू नका. मागच्या वर्षीचं स्कोअरबुक मागा. शेवटून तीन नावं शोधा आणि त्या मुलांनी किती चेंडू खेळले, किती टाकले ते मोजा. वही दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पावती फाडू नका.