जळजळ थांबली, आवाजाचे काय?

प्रश्न : मी शिक्षिका आहे. घशापर्यंत येणाऱ्या आम्लावर दोन महिने औषध घेते आहे. जळजळ थांबली, पण आवाज सुधारतोय हे कसे कळणार?

उत्तर : आवाज मोजता येतो, मात्र एकाच आकड्यावर विसंबू नका. वाचातज्ज्ञ ध्वनिमुद्रण करून स्वरतंतूंच्या कंपनांतली अनियमितता, म्हणजे जिटर आणि शिमर, तपासतात. घोगरेपणाला कानाने ० ते ३ गुण देतात. ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स-१०’मध्ये तुम्हीच ४०पैकी गुण देता, ते कमी होणे ही सुधारणा. एका श्वासात ‘आ’ किती सेकंद टिकतो, हेही नोंदवा. स्वरयंत्राची सूज ओसरायला सहा महिनेही लागतात, म्हणून धीर सोडू नका. मात्र घोगरेपणा हटत नसेल, तर सहा महिने वाट न पाहता दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्याच. कारण आम्लच असेल असे नाही.