पतंग आणि परवाना

(विमान हे प्रवासाचे साधन आहे. परंतु काही माणसे केवळ छंद म्हणून स्वतःचे विमान बाळगतात आणि ते चालवतात. अशा विमानांची आणि १९३० साली झालेल्या एका शर्यतीची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला तिकिटे जमवण्याचा छंद असेल, कोणाला पतंग उडवण्याचा, तर कोणाला कबुतरे पाळण्याचा. स्वतःचे विमान घेऊन मजेसाठी आकाशात फिरणारा माणूस मात्र तुम्ही पाहिला नसेल. अशी माणसे जगात आहेत. सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती आपल्या मुंबईतही होती.

ती माणसे ज्या विमानातून फिरत, ते आजच्या विमानासारखे नव्हते. त्याला पंखांच्या दोन जोड्या असत. एक जोडी वर आणि एक जोडी खाली. अशा विमानाला द्विपंखी विमान म्हणतात. अमेरिकेतील राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे पहिले विमान उडवले, तेही द्विपंखीच होते. त्या दिवशीचे पहिले उड्डाण फक्त बारा सेकंदांचे होते.

तुम्ही विचाराल, दोन जोड्या कशासाठी? त्या काळची इंजिने कमी ताकदीची होती. थोड्या ताकदीवर विमान वर उचलायचे, तर पंख मोठे हवेत. परंतु लाकडाचा आणि कापडाचा एकच लांब पंख केला, तर तो वाकतो किंवा मोडतो. म्हणून कारागिरांनी युक्ती केली. त्यांनी आखूड पंख एकावर एक बसवले. मध्ये खांब उभे केले आणि तिरक्या तारा ताणून सर्व एकत्र बांधले.

ही युक्ती तुम्हाला ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही पाहता येईल. तेथे एखाद्या जुन्या कारखान्यात गेलात, तर मान वर करून छपराकडे पाहा. पत्र्याखाली लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडलेले दिसतात. त्यांना कारागीर कैची म्हणतात. पट्ट्या बारीक असतात, पण त्रिकोणामुळे सारे छप्पर तोलून धरतात. द्विपंखी विमानाच्या पंखांतही असेच त्रिकोण असतात. थोड्या वजनात पुष्कळ बळ मिळते. तोटा एवढाच, की खांब आणि तारा यांना हवा अडते आणि वेग कमी होतो. पुढे धातूची मजबूत विमाने तयार होऊ लागली, तेव्हा एकाच जोडीवर काम भागू लागले.

या विमानांत फार प्रसिद्ध झालेले एक विमान म्हणजे 'जिप्सी मॉथ'. इंग्लंडमधील जेफ्री डी हॅविलंड यांच्या कारखान्यात ते तयार होई. डी हॅविलंड यांना फुलपाखरे आणि पतंग यांचा अभ्यास करण्याचा नाद होता. या विमानाचे पंख मागे दुमडून ठेवता येत. दुमडलेले पंख पाहून त्यांना दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगाची आठवण झाली आणि त्यांनी विमानाला 'मॉथ' हे नाव दिले. मॉथ म्हणजे पतंग. या किड्याला उर्दूत काय म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. परवाना! मराठीत मात्र परवाना म्हणजे एखादे काम करण्याची लेखी परवानगी. या दुसऱ्या परवान्याशिवाय पहिला परवाना उडवता येत नसे, ही गंमत लक्षात ठेवा.

जिप्सी मॉथमध्ये दोनच माणसे बसत, एकामागे एक. डोक्यावर छप्पर नसे. वारा सरळ तोंडावर येई. म्हणून वैमानिक कातडी टोपी आणि मोठा चष्मा घालत. रस्ता विचारायला रेडिओ नसे. मांडीवर नकाशा उघडायचा, खाली नदी, रेल्वेमार्ग किंवा समुद्रकिनारा पाहायचा आणि पुढे जायचे.

१९२८ साली मुंबईत 'बॉम्बे फ्लाइंग क्लब' सुरू झाला. जुहूच्या मैदानावर हौशी लोक विमान चालवायला शिकू लागले. विमान महाग होते. परंतु क्लबचे विमान अनेक सभासदांना पाळीपाळीने वापरता येई. तेथे एक तरुण शिकायला आले. त्यांचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. लोक त्यांना जे. आर. डी. म्हणत. त्यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला होता. लहानपणी फ्रान्समध्ये त्यांनी विमाने जवळून पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांना आकाशाची ओढ लागली होती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना होता. त्यावर क्रमांक होता एक.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. जो भारतीय वैमानिक एकट्याने इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला विमान नेईल, त्याला ५०० पौंड मिळणार होते. प्रवास एका महिन्याच्या आत पूर्ण करायचा होता.

तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. टाटा. तिघांचीही विमाने जिप्सी मॉथ होती. अस्पी सर्वांत लहान. ते अवघे सतरा वर्षांचे होते. ते इंग्लंडहून कराचीकडे निघाले. कराची तेव्हा भारतात होते. जे. आर. डी. उलट दिशेने, कराचीहून इंग्लंडकडे निघाले. हा प्रवास एका दमात होणारा नव्हता. ठिकठिकाणी उतरायचे, पेट्रोल भरायचे, इंजिन तपासायचे आणि पुन्हा उडायचे.

वाटेत इजिप्तमध्ये अबूकीर नावाचे ठिकाण आहे. जे. आर. डी. तेथे उतरले, तेव्हा त्यांना मैदानावर दुसरे जिप्सी मॉथ दिसले. ते अस्पींचे होते. अस्पी तेथे अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाला नवे प्लग हवे होते आणि ते तेथे मिळत नव्हते.

प्लग म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. रिक्षा बंद पडली, की चालक इंजिनातून एक लहानसा भाग काढतो, पुसतो आणि पुन्हा बसवतो. तोच प्लग. त्याच्या टोकाला ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ पेटते. ठिणगी नाही, तर इंजिन नाही. जिप्सी मॉथच्या इंजिनात चार सिलिंडर होते आणि प्रत्येकाला दोन प्लग होते. एक बिघडला, तर दुसऱ्याने काम चालावे, म्हणून ही सोय. रिक्षा बंद पडली, तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात कडेला थांबण्याची जागा नसते.

जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होते. आता विचार करा. समोरचा तरुण शर्यतीतला प्रतिस्पर्धी होता. प्लग दिले नाहीत, तर तो तेथेच थांबणार होता. शिवाय जे. आर. डीं.च्या समोरही समुद्र आणि पर्वत होते. त्या प्लगची गरज त्यांना स्वतःलाही पडली असती. न देण्यात नियमाचा भंग नव्हता. कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

त्यांनी प्लग दिले.

अस्पींचे इंजिन सुरू झाले. दोघे आपापल्या दिशेने उडाले. मे १९३० मध्ये अस्पी कराचीला पोहोचले आणि त्यांनी बक्षीस जिंकले. जे. आर. डी. थोड्याच तासांच्या फरकाने मागे राहिले. मनमोहन सिंगही भारतात पोहोचले, परंतु त्यांची एका महिन्याची मुदत टळून गेली होती.

पुढे काय झाले? अस्पी हवाई दलात गेले आणि १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. त्यांच्या विमानकंपनीची ती सुरुवात होती. १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास स्वतः विमान चालवून पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. बक्षीस गेले, पण मान गेला नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर श्रीमंतांचा शौक! हे काही अंशी खरे आहे. विमान विकत घेणे आजही फार थोड्यांना जमते. ज्यांना जमते, त्यांनाही मनाला येईल तसे उडता येत नाही. आपल्या देशात विमानाची नोंदणी करावी लागते आणि त्यावर 'व्हीटी' ही अक्षरे लिहावी लागतात. विमान उडण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र लागते. खाजगी वैमानिकाचे वय निदान सतरा वर्षे असावे लागते. डॉक्टरांची तपासणी, लेखी परीक्षा आणि चाळीस तासांचा उड्डाणाचा अनुभव, एवढे झाल्यावर परवाना मिळतो.

परंतु विमान केवळ पैशावर उडत नाही. ते हुशार हातांवर उडते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले आणि २०१९ साली त्याला चाचणीच्या उड्डाणाची परवानगी मिळाली.

आता पुन्हा वागळे इस्टेटकडे पाहा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कामाला येथूनच सुरुवात झाली. आता कित्येक कारखान्यांच्या जागी कार्यालयांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरीही काही गाळ्यांत लेथ फिरताना दिसतो. तेथील कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरकही मोजतो. बोल्टचा आटा किंचित चुकला, तर तो माल बाजूला टाकतो. विमानाला अशाच हातांची गरज असते. उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती एक फेरी मारतो, तारा ओढून पाहतो, बोल्ट पाहतो, पेट्रोल पाहतो. पण ज्याने तो बोल्ट कातला, त्याच्यावर त्याला विश्वास ठेवावाच लागतो.

म्हणून मित्रांनो, आकाशात विमान दिसले, की वैमानिकाबरोबर त्या कारागिराचीही आठवण ठेवा. तुमच्या हाती कोणतेही काम येवो, ते नीट करा. आणि कोणाचे इंजिन बंद पडलेले दिसले, तर आपल्या पिशवीत जादा प्लग आहे का, तो पाहा.

शब्दार्थ

छंद – आवड, नाद
जादा – गरजेपेक्षा अधिक
प्रतिस्पर्धी – शर्यतीत विरुद्ध असलेला
मुदत टळणे – ठरलेली वेळ निघून जाणे
नावे ठेवणे – दोष देणे
आटा – बोल्टवरची फिरती खाच

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) द्विपंखी विमान कशाला म्हणतात?
(आ) जे. आर. डी. टाटा यांच्या परवान्याचा क्रमांक कोणता होता?
(इ) अस्पी इंजिनियर अबूकीर येथे का अडकले होते?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'मॉथ' हे नाव विमानाला का दिले?
(आ) विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग का असतात?
(इ) 'बक्षीस गेले, पण मान गेला नाही' असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(अ) बॉम्बे फ्लाइंग क्लब ——— साली सुरू झाला.
(आ) आगाखान यांनी ——— पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

प्र. ४. पाठातील हवा, जमीन, नकाशा, कारागीर, परवाना, शौक या शब्दांपैकी एक शब्द पाठात आलेला नाही. तो शोधा. हे सर्व शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : जाड कागद, काड्या आणि दोरा घेऊन द्विपंखी विमानाची प्रतिकृती तयार करा. तिरके दोरे बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर पंख किती वाकतो, ते पाहून वहीत लिहा.