आधी राउटरला पिंग करा

गेम अडकायला लागला की पहिला फोन जातो इंटरनेट कंपनीला. आमच्या घरूनही गेला. उत्तर आलं, "प्लॅन वाढवून घ्या." १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा झाला, बिल वाढलं, आणि रात्री व्हॅलोरंट खेळताना पिंग (पॅकेटला जाऊन-येऊन लागणारा वेळ) पूर्वीसारखाच २० वरून ३०० मिलिसेकंदांवर उडत राहिला. समोरचा दिसायच्या आत आपण आउट. पाच जणांच्या टीममध्ये आपल्यापायी बाकी चौघांचा डाव जातो, हे फार लागतं मनाला.

म्हणून कळकळीने सांगतो, एमबीपीएस वाढले म्हणून पिंग कमी होत नाही. गेमला डेटा लागतोच किती? एखादा एमबीपीएस पुरतो. पॅकेट वेळेवर पोचलं पाहिजे, एवढंच. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत. पुण्यातून चांगल्या फायबरवर १०-२० मिलिसेकंदांत जाऊन-येऊन होतं. मग बाकीचा वेळ खातंय कोण?

ते शोधायला पैसे लागत नाहीत. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून राउटरला सतत पिंग करा (त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो), दुसरीतून घराबाहेरच्या, इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. दोन्ही शेजारी ठेवून खेळा आणि गेम अडकला की लगेच आकडे बघा. राउटरचा आकडा १ ते ५ च्या आसपास राहायला हवा. आमच्याकडे तोच दीडशे-दोनशेवर जात होता. म्हणजे पॅकेट घराबाहेर पडायच्या आधीच रखडत होतं. प्लॅन कितीही मोठा घेतला असता तरी काय उपयोग?

कारण होतं २.४ गिगाहर्ट्झचा बँड. या बँडवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यावरच, शिवाय ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्हही तिथेच. धडक झाली की पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं, आणि पिंग उसळतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी. पण भिंती त्याला सोसत नाहीत, तेव्हा राउटर टीव्हीमागे दडवू नका. जमलं तर सरळ लॅन केबल ओढा. दिसायला बरी नाही दिसत, पण तिच्यासारखा इलाज नाही.

राउटरचा आकडा स्थिर आणि ८.८.८.८ चा उसळतोय, असं असेल तर घरात कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप चाललाय का बघा. अपलोड तुडुंब भरलं की गेमचं पॅकेट त्या रांगेत मागे उभं राहतं. राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या पॅकेटला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या जरा खाली, ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

सगळं बंद करून, केबल लावूनही ८.८.८.८ उसळत असेल, तर मात्र कंपनीला सोडू नका. दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट तक्रारीला जोडा आणि प्लॅनचा विषय निघाला की लाइन तपासायला माणूस पाठवा म्हणून सांगा.